आधी देवाचा वाटा

पोरी,

नवा संसार मांडलास आणि महिन्याभरातच फोनवर विचारलंस, “आजी, देवाला पहिलं स्थान द्यायचं म्हणजे रोज उठून नेमकं करायचं काय?” उपदेशात हे सगळेच सांगतात, पण सोमवारी सकाळी त्याचं काय होतं ते कुणी सांगत नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे. माझ्या सासूबाईंनी मला एकच सांगितलं होतं. उरलंसुरलं देवाला द्यायचं नाही. वेळ असो, पैसा असो, पीठ असो, आधी त्याचा वाटा काढायचा आणि मग आपलं मोजायला बसायचं. मी आयुष्यभर तेच धरून चालले, म्हणून तेच तुला देते.

सकाळपासून सुरुवात कर. रात्री मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि उशाशी बायबल ठेव. डोळे उघडले की जे हाताला लागतं, त्याच्याच हातात आपला दिवस जातो. पाच-पाच अध्याय वाचायचा हट्ट धरू नकोस, आठवड्यात थकशील. मार्कपासून सुरुवात कर. चारी शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, अवघे १६ अध्याय. रोज एकच प्रसंग घे आणि तो मोठ्याने वाच, म्हणजे मन भरकटत नाही. मग ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची, त्यांची नावं घेऊन कर. “सर्वांचं भलं कर” म्हणून उरकायचं नाही. नातजावयाची रात्रपाळी असेल, तर तो झोपून उठेल तेव्हा त्याची सकाळ. देव घड्याळ पाहत नाही, पण त्याच्याआधी आपण कुणाकडे गेलो हे त्याला कळतं.

मार्कच्या पहिल्याच अध्यायात एक गोष्ट आहे, ती नीट वाच. कफर्णहूममध्ये आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दारात लोटलं होतं. येशूनं कितीतरी आजारी बरे केले. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले आणि म्हणाले, सगळे तुम्हाला शोधताहेत. आपण असतो तर धावत परत गेलो असतो. तो म्हणाला, आपण दुसऱ्या गावांना जाऊ. लोकांची निकड खरी होती, तरी आज कुठे जायचं हे त्यानं त्या निकडीवरून ठरवलं नाही. म्हणून सांगते, प्रार्थनेला बसताना दिवसभराच्या कामांची यादी जवळ ठेव आणि यातलं कोणतं सोडू, हेही विचार. नोकरी करणाऱ्या बायकांना हा प्रश्न विचारायला कुणी शिकवलेलंच नसतं.

आता पैसा. पगार झाला की त्याच दिवशी, किराण्याची यादी करण्याआधी, देवाचा वाटा बाजूला काढ. दशांश जमला तर उत्तम. घराचा हप्ता डोक्यावर आहे आणि नाही जमत, तर दोघांनी मिळून जमेल तेवढा आकडा ठरवा. पण तो पहिला निघाला पाहिजे. महिनाअखेरीला उरेल ते देऊ म्हणणाऱ्यांचं कधीच काही उरत नाही. मंडळीचं अर्पण ऑनलाइन पाठवलंस तरी थोडी रोकड पाकिटात घालून वेगळी ठेव. कामवालीच्या पोराची फी असते, शेजारच्या म्हातारीचं औषध असतं. ते पाकीट हाताशी असलं की द्यायच्या वेळी मन मागे-पुढे करत नाही. आणि एक बजावून सांगते. देवाला दे म्हणजे दुप्पट मिळेल, असं सांगत फिरणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. तो देवाशी सौदा झाला. आपण देतो, ते सगळं मुळात त्याचंच आहे म्हणून.

गावच्या मंडळीत कापणीचा सण असायचा, तो तू लहानपणी पाहिला आहेस. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, आणि उपासनेनंतर लिलाव. त्याच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई परसात वेलाजवळ उकिडव्या बसायच्या. एकेक भोपळा हातानं फिरवून बघायच्या, खालची बाजू मऊ पडली आहे का, देठाशी कीड आहे का. जो घरी ठेवावासा वाटायचा, नेमका तोच खुडायच्या. किडका भोपळा देवळात न्यायचा आणि चांगला भाजीला ठेवायचा, हे त्यांना चालत नसे. मलाखी संदेष्ट्यानं लंगडी, आंधळी जनावरं वेदीवर आणणाऱ्यांना जे सुनावलं, ते त्यांनी वाचलं नव्हतं. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण उपासनेत ऐकलेलं त्या विसरत नसत. तुझ्याकडे परस नाही. तुझा चांगला भोपळा म्हणजे रविवारची सकाळ. शनिवारी रात्री एकपर्यंत जागून पेंगत देवळात जाणं हे किडकं देणं आहे.

पण याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे भले भले भाविक चुकतात. देव पहिला म्हणजे घरची माणसं शेवटची असं नाही. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूनं फार कडक शब्दांत झापलं आहे. तेही मार्कमध्येच सापडेल, सातव्या अध्यायात. तुझ्या सासूबाई तापानं फणफणल्या असतील तर त्या दिवशी स्त्रियांच्या सभेला जायचं नाही, त्यांच्या उशाशी बसायचं. तीच तुझी उपासना. हे समजायला लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ घरात असू दे. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या भक्तीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्या हाती पैसा टिकत नसे, मागेल त्याला देऊन टाकत, आणि मग घर चालवायची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. ते वाचताना मला नेहमी वाटतं, घरातला एक देवाला देतो तेव्हा त्याची किंमत कोण भरतं, हे आधी बघावं. म्हणून मघाशी म्हटलं, आकडा दोघांनी मिळून ठरवा.

कामाच्या ठिकाणी देवाचं नाव फार घ्यावं लागत नाही. खोटं बिल लावायचं नाही, दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव टाकायचं नाही, साहेबांनी मागची तारीख घाल म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणायचं. त्यापायी बढती गेली तर गेली.

आणि प्रार्थना करणारे हात कामाला कच्चे असू नयेत. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायला नातजावयाला घेऊन जा, पुण्याहून लांब नाही. रमाबाई देवावर भरवसा ठेवून हातावर हात धरून बसल्या नाहीत. दुष्काळात उपाशी मुली आणि विधवा त्यांनी केडगावला आणल्या, त्यांना शेती शिकवली, विणकाम शिकवलं, छापखाना चालवायला शिकवलं. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल छापून निघालं. त्यांचा दिवस प्रार्थनेनं सुरू होई, हे खरं. पण तिथला छापखाना आणि शेत लक्षात घेतल्याशिवाय ती प्रार्थना कळणार नाही.

शेवटचं, आणि हे तुझ्या बाबांसाठीही आहे. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, असं डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो. म्हणजे देवच म्हणतो, मी थांबतो, तू आधी भावाकडे जा. जमिनीच्या वाटणीपासून तुझे बाबा आणि काका बोलत नाहीत, आणि दोघे एकाच देवळात दोन टोकांना बसून प्रभुभोजन घेतात. माझं कुणी ऐकत नाही. तुझं बाबा ऐकतात. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे, त्याच्या आत त्यांना काकांच्या घरी घेऊन जा. काकू घरी असतील अशी वेळ बघ, त्या असल्या की काका आवाज चढवत नाहीत.

तुझी आजी