प्रकाशतंतू ते टेबल : रॅकमधील स्विचची मांडणी

कोरेगाव हे सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याचे मुख्य ठिकाण. सातारा शहराच्या पूर्वेस सुमारे वीस किलोमीटरवर, पुणे-मिरज लोहमार्गावर ते वसलेले आहे. तहसील कार्यालय, पंचायत समिती, न्यायालय, दस्तनोंदणी, बँका यांच्या निमित्ताने किन्हई, कुमठे, एकंबे, पिंपोडे बुद्रुक, देऊर, वाठार स्टेशन अशा गावांतील माणसाला वर्षातून दोन-चार वेळा तरी कोरेगावची पायरी चढावी लागते. कामाचा खाडा करून, एस. टी.चे भाडे खर्चून तो येतो. अशा वेळी खिडकीपाशी त्याच्या कानी पडणारे सर्वांत निराशाजनक शब्द म्हणजे "लिंक नाही". दप्तर हाताने लिहिले जात असे तेव्हा कारकून रजेवर असला तर काम अडे. आता दप्तर संगणकात गेल्यावर तार मुकी झाली की काम अडते. संगणकीय स्वाक्षरीचा सात-बारा उतारा १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात उपलब्ध झाला. त्यानंतर तर शेतकऱ्याचा कागद आणि ही तार यांचे नाते अधिकच घट्ट झाले आहे.

लिंक तुटण्याची कारणे अनेक. रस्तारुंदीकरणात खोदयंत्राने प्रकाशतंतूची केबल तोडली, तर कार्यालयातील कोणीही काही करू शकत नाही. परंतु पुष्कळदा दोष दूर कोठे नसून त्याच इमारतीत, जिन्याखालच्या किंवा अभिलेख-कक्षाच्या कोपऱ्यातील एका लोखंडी कपाटात असतो. या कपाटास 'रॅक' म्हणतात व त्यात बसविलेल्या, दिवे लुकलुकणाऱ्या चपट्या पेटीस 'स्विच'. हा दोष मात्र टाळता येण्याजोगा आहे. आणि तो टाळण्याचे काम पेटी बसविण्याच्या दिवशीच सुरू होते.

कपाटाचे माप

रॅक ही संगणकयुगाची निर्मिती नव्हे. १९२० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील 'ए. टी. अँड टी.' या दूरध्वनी कंपनीने आपल्या केंद्रांतील उपकरणांसाठी एकोणीस इंच रुंदीच्या मांडणीचे प्रमाण ठरविले. शंभर वर्षे उलटली, दूरध्वनीची ती उपकरणे संग्रहालयात गेली. पण माप तेच राहिले. आजही जगातील कोणत्याही कारखान्यात बनलेला स्विच कोरेगावच्या कपाटात बसतो, तो या मापामुळेच. एकोणीस इंच म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. उंचीचे एकक पावणेदोन इंचाचे, म्हणजे ४४.४५ मिलिमीटरचे. त्यास 'यू' म्हणतात. साधारण चोवीस तोंडांचा स्विच एक यू उंचीचा असतो. तालुका कार्यालयातील छोट्या भिंतीवरच्या रॅकमध्ये सहा ते बारा यू जागा असते. मोठ्या उभ्या रॅकमध्ये बेचाळीस.

मापाचे महत्त्व या तालुक्यास नवे नाही. सातारारोड येथे धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना उभारला व लोखंडी नांगरांपासून आरंभ करून पुढे डिझेल इंजिनांपर्यंत मजल मारली. आटा जुळला नाही तर इंजिन उभे राहत नाही, हे त्या परिसरातील कारागिरास सांगावे लागत नाही. रॅकचेही तसेच आहे.

स्विच करतो काय

पूर्वी कार्यालयातील संगणक जोडण्यासाठी 'हब' नावाची साधी पेटी वापरीत. तिची रीत दवंडीसारखी होती. एका संगणकाने पाठविलेला निरोप ती सर्वांना ऐकवी. ज्याचा असेल तो घेई, इतर सोडून देत. दोघे एकाच वेळी बोलू लागले की निरोपांची टक्कर होई आणि दोघांनाही थांबून पुन्हा बोलावे लागे. चार संगणक असेपर्यंत हे चालून गेले. वीस झाले तेव्हा दवंडीच्या गलबल्यात कोणाचेच काम होईना.

स्विचची रीत टपालवाल्याची आहे. संगणकाच्या प्रत्येक जाळेजोडणीस कारखान्यातच ४८ द्विमान अंकांचा एक पत्ता मिळालेला असतो. निरोप आला की तो कोणत्या तोंडातून आला व पाठविणाऱ्याचा पत्ता काय, याची नोंद स्विच आपल्या स्मरणातील तक्त्यात करतो. पुढे त्या पत्त्यासाठी काही आले की ते नेमके त्याच तोंडातून बाहेर धाडतो. पत्ता अनोळखी असेल तर मात्र त्यालाही एकदा दवंडी पिटावी लागते. उत्तर येताच तो शहाणा होतो. बराच वेळ न बोललेल्याची नोंद तो आपण होऊन पुसतो. हा अवधी बहुधा पाच मिनिटांचा असतो. त्यामुळे एखादा संगणक या टेबलावरून त्या टेबलावर हलविला तरी तक्ता कोणी हाताने दुरुस्त करावा लागत नाही.

या जाळ्याची 'इथरनेट' ही पद्धती १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मेटकाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी योजिली. तिच्यासाठीचा पहिला बहुतोंडी स्विच १९९० मध्ये बाजारात आला. त्यास सात तोंडे होती आणि तो बनविणाऱ्या कंपनीचे नाव होते 'कल्पना'. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने आपल्या पत्नीचे नाव कंपनीस दिले होते. १९९४ मध्ये ती 'सिस्को'ने विकत घेतली आणि नाव मागे पडले. एरवी इंग्रजी अक्षरांच्या गर्दीने बोजड झालेल्या या विषयात हे एक घरचे नाव भेटावे, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

आधी जागा, मग यंत्र

रॅक कोठे ठेवावा हा प्रश्न बहुधा शेवटी विचारला जातो. वस्तुतः तो पहिला आहे. कोरेगाव परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो आणि सामान्य कार्यालयीन स्विच चाळीस ते पंचेचाळीस अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनविलेला असतो. बंद कपाटातील हवा खोलीपेक्षा अधिक तापते. म्हणजे पत्र्याखालची खोली अथवा पश्चिमेच्या उन्हाची भिंत निवडली, तर यंत्राला सोसण्याची मर्यादा संपण्याच्या काठावरच आपण त्याला बसविलेले असते. रॅकच्या मागे व बाजूंना हवा खेळण्यास जागा हवी. त्याच्या डोक्यावर जुन्या फायलींचे गठ्ठे रचण्याची सवय तर निश्चितच मोडावयास हवी. पाण्याच्या टाकीखाली वा गळक्या छताखाली रॅक नको, हे सांगणे अनावश्यक वाटेल. तथापि पावसाळ्यात तो तेथेच आढळतो!

दुसरी गोष्ट अर्थिंगची. वळवाच्या पावसात विजांचा कडकडाट होतो तेव्हा दूर पडलेली वीजही तांब्याच्या लांब तारेत क्षणिक दाब निर्माण करते. यास्तव एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाणारा दुवा तांब्याचा न ठेवता प्रकाशतंतूचा ठेवावा. काचेतून वीज वाहत नाही. तंतूच्या केबलला लोखंडी कवच असल्यास ते कवच मात्र आत येताना अर्थिंगला जोडले पाहिजे. रॅकच्या सांगाड्यापासून स्वतंत्र हिरवी तार अर्थिंगच्या पट्टीपर्यंत न्यावी आणि ती जोडताना त्या जागेचा रंग खरवडून काढावा. रंग हा विद्युत्‌रोधक असतो, म्हणून रंगावर घट्ट आवळलेला स्क्रू दिसण्यापुरताच असतो. अर्थिंगचा रोध सामान्यतः पाच ओहमच्या आत असावा. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की तो वाढतो. खड्ड्यात दर आठवड्यास घागरभर पाणी घालणे हे शिपायाचे किरकोळ काम समजले जाते, पण त्यावर लाखाचे यंत्र अवलंबून असते.

तिसरी गोष्ट विजेच्या राखीव साठ्याची. येथे थोडे गणित करावे. चोवीस तोंडांचा साधा स्विच सुमारे २५ वॅट वीज घेतो, बाहेरून आलेल्या तंतूचे उपकरण १५ वॅट. एकूण ४० वॅट. बारा व्होल्टची ४२ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ५०० वॅट-तास साठविते. घट धरून त्यातील तीनशे जरी हाती लागले, तरी ही दोन यंत्रे सात तास चालतील. कार्यालयाची बहुतेक वेळ निघाली! परंतु त्याच यू. पी. एस.ला कोणी लेझर प्रिंटर जोडला, तर तो तापताना कित्येकशे वॅट ओढतो आणि सात तासांचे गणित मिनिटांवर येते. म्हणून रॅकच्या यू. पी. एस.ला रॅकबाहेरचे काहीही जोडू नये.

प्रत्यक्ष बसविणे

रॅकच्या उभ्या पट्ट्यांवर चौकोनी भोके असतात. प्रत्येक यूमध्ये तीन. त्यांतील अंतर सारखे नसते, आणि नवख्या माणसाची फसगत येथेच होते. एका यूमधील भोके परस्परांपासून १५.९ मिलिमीटरवर असतात. एक यू संपून दुसरा सुरू होताना मात्र हे अंतर १२.७ मिलिमीटर होते. जवळची दोन भोके दिसली की त्यांच्यामधून यूची सीमारेषा जाते, असे ओळखावे. निवडलेल्या यूच्या वरच्या व खालच्या भोकांत, डाव्या-उजव्या दोन्ही पट्ट्यांवर, 'केज नट' बसवावेत. मधले भोक रिकामे राहते. नट मागच्या बाजूने घालून त्याचे स्प्रिंगचे कान दाबावे लागतात. त्यासाठी मिळणारे आकडीचे हत्यार वापरावे. पेचकसाने रेटण्याच्या नादात बोट कापून घेणारे थोडे नाहीत.

जड वस्तू तळाशी हा मांडणीचा नियम. बॅटरी व यू. पी. एस. खाली आणि स्विच डोळ्यांच्या उंचीच्या जवळपास असावा, म्हणजे दिवे वाकल्याविना दिसतात. स्विचच्या दोन्ही कडांना त्याच्यासोबत आलेले धातूचे कान त्याच्याच स्क्रूंनी जोडावेत. लांब स्क्रू आतल्या पाटीस टेकून ती बिघडवू शकतो. बसविताना दोन माणसे हवीत. एकाने पेटी सपाट धरावी, दुसऱ्याने आधी खालचे दोन स्क्रू निम्मे फिरवावेत, मग वरचे दोन. आणि चारही लागल्यावरच आवळावेत. एकच बाजू आधी आवळली की पेटी तिरकी होते आणि उरलेले स्क्रू आट्यात बसत नाहीत.

टेबलांकडून आलेल्या तारा थेट स्विचमध्ये खोचू नयेत. त्या 'पॅच पॅनल'वर कायमच्या बांधाव्यात व तेथून लहान तारांनी स्विचपर्यंत आणाव्यात. रोजची ओढाताण होते ती लहान तारेची. ती तुटली तर पाच मिनिटांत बदलता येते. भिंतीतील तार तुटली तर गवंडी बोलवावा लागतो. तारेची एकूण लांबी शंभर मीटरच्या आत हवी. त्यांपैकी भिंतीतील भाग नव्वद मीटर धरावा. तारेतील जोड्यांचा पीळ टोकापाशी तेरा मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये, कारण बाहेरचा खळखळाट निवारण्याचे काम तो पीळच करीत असतो. वळण तारेच्या जाडीच्या चौपटीहून लहान नसावे. दोनशे तीस व्होल्टची विजेची तार आणि ही तार एकाच पट्टीतून नेऊ नयेत. प्रकाशतंतूच्या उघड्या टोकात डोळा लावून "उजेड येतो का" हे पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो आवरलाच पाहिजे. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, मात्र इजा करू शकतो.

एका मोकळ्या तारेची करामत

संपूर्ण कार्यालय एकाएकी ठप्प व्हावे, सर्व दिवे मात्र वेड्यासारखे लुकलुकत असावेत, असा प्रकार घडला तर प्रथम एक शंका घ्यावी. कोणी तरी जमिनीवर पडलेले तारेचे टोक पाहून, ते मोकळे राहू नये अशा सद्‌हेतूने, भिंतीतील सॉकेटमध्ये खोचले असेल. आणि त्या तारेचे दुसरे टोकही त्याच स्विचला पोहोचत असेल. आता निरोपाला फिरण्यास वर्तुळ मिळाले. दवंडीचा निरोप एका तोंडातून निघतो, दुसऱ्यातून परत येतो, पुन्हा निघतो; क्षणार्धात त्याच्या इतक्या प्रती होतात की खऱ्या निरोपास वाटच उरत नाही. यावरील उपाय राडिया पर्लमन या अमेरिकी विदुषीने १९८५ मध्ये शोधला. तिच्या पद्धतीत स्विच परस्परांना विचारून वर्तुळ ओळखतात व एक वाट तात्पुरती बंद ठेवतात. मात्र स्वस्तातील, व्यवस्थापनाची सोय नसलेल्या पेटीत हे बहुधा नसते. शंभर-दोनशे नागरिकांची कामे ज्या कार्यालयात रोज होतात, तेथे खरेदीच्या वेळी थोडी बचत साधून अशी पेटी घेणे हा हिशेब चुकीचा म्हणावा लागेल.

व्यवस्थापनयुक्त स्विच घेतल्यास कारखान्याचा मूळ परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा आणि न वापरलेली तोंडे बंद करून ठेवावीत.

गावाच्या टोकाला

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस केंद्र मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम 'महानेट' या नावाने झाले. पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या केंद्रातून निघालेला एक तंतू प्रकाशविभाजकाद्वारे अनेक गावांत वाटला जाई. वाटेत तो तुटला की पुढची गावे एकदमच मुकी होत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात म्हणून कड्याची रचना स्वीकारण्यात आली. कडे एका बाजूने तुटले तर निरोप दुसऱ्या बाजूने जातो. परंतु कडे कितीही मजबूत केले, तरी ग्रामपंचायतीच्या खोलीतील शेवटचे उपकरण विजेविना पडून असेल तर त्या गावापुरते ते व्यर्थच. कोरेगावच्या रॅकसाठी जे नियम, तेच कुमठ्याच्या वा देऊरच्या छोट्या पेटीसाठी. आकार तेवढा लहान.

काम पूर्ण झाल्यावर कंत्राटदाराच्या माणसाला लगेच सोडू नये. त्याच्यासमक्ष मुख्य वीज बंद करावी व यू. पी. एस. भार घेतो का, हे अर्धा तास पाहावे. मग एकेक तार काढून कोणते टेबल मुके होते ते नोंदवावे. पॅनलवरील क्रमांक, भिंतीवरील क्रमांक आणि टेबल अशा तीन रकान्यांचा तक्ता मराठीत तयार करावा, तारेच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक चिकटवावा. तक्त्याची एक प्रत नोंदवहीत राहील व दुसरी रॅकच्या दाराला आतून लावली जाईल, असे पाहावे. त्यावर बसविल्याची तारीख, बॅटरीची तारीख आणि रॅकची किल्ली कोणाकडे आहे हेही लिहावे. कारण "लिंक नाही" अशा दिवशी पहिला अर्धा तास बहुधा किल्ली शोधण्यातच जातो.