रेट्रो गेमिंगचं गिऱ्हाईक: ओएलईडी दाखवायचा की मिनी-एलईडी?

आजचा धडा टीव्ही विकणाऱ्या दुकानदारांसाठी आहे. ज्यांना आपल्या कॅफेत जुन्या गेमचा एक कोपरा टाकायचाय, त्यांनाही तो तितकाच लागू आहे. व्हिडिओत वेळेअभावी जे गडबडीत सांगितलं ते इथे नीट लिहितो.

हे गिऱ्हाईक साधारण पस्तीस-चाळिशीचं असतं. लहानपणी पिवळी कॅसेट लावून मारिओ, कॉन्ट्रा खेळलेलं. आता हातात पैसा आहे, म्हणून विचारतं, "दादा, गेमसाठी कुठला टीव्ही घेऊ?" आणि आपला सेल्समन लगेच १४४ हर्ट्झ, चार एचडीएमआय असं पाठ म्हणायला लागतो. अहो, मारिओला १४४ हर्ट्झ कशाला? ते गेम सेकंदाला ६० चित्रं देतात, आपल्याकडच्या पाल मशीनवर ५०. गिऱ्हाइकाला खरं काय विचारायचं ते पुढे येतंच. आधी माल ओळखू.

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. मिनी-एलईडी हा मुळात एलसीडीच, फक्त पाठीमागे बारीक एलईडींचे झोन असतात, काही शे ते काही हजार. फोर-के पडद्यावर पिक्सेल आहेत ८२,९४,४००. म्हणजे एका झोनच्या वाट्याला हजारो पिक्सेल आले. आणि हो, 'क्यूएलईडी' म्हणजे ओएलईडी नव्हे. क्यूएलईडी लिहिलेला प्रत्येक टीव्ही मिनी-एलईडी असतो असंही नाही. गिऱ्हाईक इथे हमखास गोंधळतं, आणि खरं सांगायचं तर आपले सेल्समनही.

आता जुना गेम लावा. चित्र ४:३ आकाराचं, टीव्ही १६:९ चा. म्हणजे पडद्याचा पाव भाग, दोन्ही बाजूंना मिळून, काळाच राहणार. ओएलईडीवर त्या पट्ट्या खरोखर काळ्या असतात. खोलीत अंधार असेल तर टीव्हीच ४:३ चा वाटतो. मिनी-एलईडीवर चित्राच्या कडेला थोडा उजेड सांडतो. गॅलागासारखा १९८१ चा गेम लावलात तर फरक लगेच कळतो: काळं आकाश, त्यात एकेका ठिपक्याचे तारे. झोनवाल्या टीव्हीला हे अवघड जातं. एक तर ताऱ्याभोवती धुरकट वलय येतं, नाहीतर ताराच मंद होतो. काही मॉडेलमध्ये गेम मोड लावला की झोनचं काम आणखी ढिलं पडतं, म्हणून डेमो नेहमी गेम मोडमध्येच द्या.

मग सगळ्यांना ओएलईडीच विकायचा का? थांबा. जुना डबा टीव्ही चित्र क्षणभर चमकवून विझवायचा. आजचा टीव्ही, ओएलईडी असो वा मिनी-एलईडी, ६० हर्ट्झला प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद तसंच धरून ठेवतो. त्यामुळे १९९१ चा सॉनिक पळायला लागला की मागचं दृश्य पुसट दिसतं. यावर उपाय म्हणजे मधे मधे काळी फ्रेम घालणं. शिवाय शौकीन लोक डबा टीव्हीसारख्या आडव्या रेघांचा फिल्टर लावतात. दोन्ही उपाय उजेड खातात. काळ्या फ्रेमने तर तो जवळपास निम्मा होतो. इथे मिनी-एलईडीचा जादा उजेड कामी येतो. त्याचे पिक्सेल मात्र ओएलईडीइतके चटकन बदलत नाहीत, गडद रंगांमागे शेपूट दिसू शकतं. थोडक्यात, अंधाऱ्या खोलीत ओएलईडी, आणि दुपारी ऊन येणाऱ्या हॉलमध्ये फिल्टर लावून खेळणारा असेल तर मिनी-एलईडी.

खरा प्रश्न तासांचा

गिऱ्हाइकाला विचारा, "आठवड्याला किती तास? आणि एकच गेम की बदलून बदलून?"

ओएलईडीचे पिक्सेल वापराने झिजतात. जिथे जास्त उजळले तिथे जास्त झिजले. सुपर मारिओमध्ये वर स्कोअर, वर्ल्ड आणि वेळेची पांढरी अक्षरं सतत उभी. स्ट्रीट फायटर टू मध्ये वर ताकदीच्या पिवळ्या पट्ट्या. बाजूच्या काळ्या पट्ट्यांत पिक्सेल बंद, मधले चालू, म्हणजे झीजही असमान. बराच काळ असंच चाललं तर एखाद दिवशी क्रिकेटची मॅच लावल्यावर हिरव्या मैदानावर जुन्या स्कोअरची सावली दिसते. याला बर्न-इन म्हणतात, आणि ते भरून येत नाही.

घरचा माणूस महिन्याला वीस तास खेळला, तर वर्षाला २४० तास. कॅफे रोज दहा तास, महिन्याचे २६ दिवस चालला, तर एका महिन्यातच २६० तास. घराचं वर्ष कॅफेत महिन्यात संपतं! घरी इतर कार्यक्रमही चालतात, त्यामुळे झीज वाटली जाते. कॅफेत तोच गेम, तोच स्कोअर.

आता एक गोष्ट जी ब्रोशरमध्ये ठळक नसते. ओएलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये असताना, स्वतःचे पिक्सेल तपासून झीज सावरून घेतो. त्यासाठी पाठीमागे वीज चालू लागते. आणि आपली सवय काय? दुकान बंद करताना मेन स्विच खाली. घरी आईसुद्धा झोपताना बोर्डावरचं बटण बंद करते. टीव्हीला रोजची देखभाल करायला वेळच मिळत नाही. ओएलईडी विकलात तर डिलिव्हरीच्या पोराला हे घरच्यांसमोर सांगायला लावा, आणि बिलावर एक ओळ लिहून द्या.

कॅफेवाल्याला मी मिनी-एलईडीच सांगतो. हिशोब करून दाखवा. उदाहरणापुरतं धरा, मिनी-एलईडी ८० हजार, ओएलईडी १ लाख २० हजार. तीन वर्षांत, महिन्याला २६ दिवस धरून, ९३६ दिवस होतात. एकाचे रोजचे साधारण ८५ रुपये, दुसऱ्याचे १२८. हे ४३ रुपये रोज वसूल होतीलही, पण सावली उमटलेला टीव्ही तीन वर्षांनी कोण घेणार? शिवाय वॉरंटी कार्डावर 'घरगुती वापर' हे शब्द शोधा. धंद्यात लावलेला टीव्ही असेल तर बऱ्याच कंपन्या हात वर करतात, मग गिऱ्हाईक भांडायला आपल्याच काउंटरवर येतं. हे मिनी-एलईडीलाही लागू आहे, म्हणून आधीच वाचून दाखवा.

डेमोचं एक सांगतो. शोरूमच्या ट्यूबलाइटखाली मिनी-एलईडी नेहमी जिंकतो, कारण तिथे काळा रंग कुणाला दिसतच नाही. एका कोपऱ्याला पडदा लावा आणि रास्पबेरी पाय वर गेम चालवून दाखवा. जुनं मशीन टीव्हीला 'मी गेम आहे' असं कळवत नाही, त्यामुळे गेम मोड हाताने लावावा लागतो. तो लावला नाही तर बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडी मारतो, आणि गिऱ्हाईक टीव्हीला दोष देतं.

जुनंच मशीन जोडायचं असेल तर पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची सोय मागे आहे का ते पाहा. काही नव्या टीव्हींत नसते. असली तरी कित्येक टीव्ही २४० रेघांचं चित्र चुकीचं ओळखतात आणि ते लुकलुकतं. रेट्रोटिंकसारखा अपस्केलर मधे घातला तर चित्र नीट येतं. २४० गुणिले ९ बरोबर २१६०, फोर-केच्या उंचीत अगदी चपखल. हा खर्च टीव्हीच्या बजेटमधून आधीच बाजूला काढायला सांगा, मग टीव्ही एक साइज लहान घ्यावा लागला तरी चालेल.

आणि बदकं मारायची बंदूक घेऊन कुणी आलं, तर पैसे घेण्याआधीच सांगा. ती जुनी बंदूक डबा टीव्हीच्या प्रकाशावर चालते, या दोन्हींपैकी कशावरही चालणार नाही. सिंडेनसारखी कॅमेऱ्यावर चालणारी नवी बंदूक मिळते, पण तिला चित्राभोवती पांढरी चौकट लागते. ओएलईडीवर ती चौकट तासन्‌तास उभी ठेवायची का, हे गिऱ्हाइकाने घरी जाण्याआधी ठरवलेलं बरं.