बाळंतिणीचे मन

घरात मूल जन्मले की सगळ्यांची नजर पाळण्याकडे जाते. बाळंतिणीला शेक देतात, डिंकाचे लाडू देतात, कानाला फडके बांधतात. तिचे अंग सांभाळतात. तिचे मन कसे आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आज त्याविषयी वाचू.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळ बायांना उगाच रडू येते. घटकेत हसू, घटकेत डोळ्यांत पाणी. यात घाबरण्यासारखे काही नाही. पोटात मूल असताना अंगात काही रस वाढलेले असतात. मूल जन्मले की ते एकदम उतरतात. त्यात रात्रीची झोप नाही. म्हणून मन हळवे होते. विसावा मिळाला की दहा-पंधरा दिवसांत हे आपोआप जाते.

पण काही जणींचे जात नाही. तो आजार असतो. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. तो पहिल्या महिन्यात येतो, कधी चार-सहा महिन्यांनीही येतो.

तो ओळखायचा कसा? एखादी सून घ्या. फोनवर आईशी तासभर बोलणारी. आता ती दोन शब्दांत फोन ठेवते. मूल झोपले तरी हिला झोप नाही. ताट समोर तसेच निवते. मूल रडले तर नुसती बघत राहते. नाही तर त्याला काही होईल या धास्तीने रात्रभर त्याचा श्वास बघते. म्हणते, "माझ्यानं काहीच होत नाही. मी आई व्हायला नको होतं." सासू म्हणते, "आम्हाला काय पोरं झाली नाहीत? आळस आहे सगळा." आजी म्हणते, "बाहेरचं लागलंय, अंगारा आणा." नवरा म्हणतो, "माहेरी धाडा." तिघेही मनाने वाईट नाहीत. पण तिघांचेही चुकते. हा आळस नव्हे आणि बाधाही नव्हे.

हा आजार शहरातल्या शिकलेल्या बायांचाच, असे कोणी समजू नये. गोव्यात काही डॉक्टरांनी एका सरकारी रुग्णालयातल्या बाळंतिणींची पाहणी केली. ती 2002 साली छापली गेली. शंभरांत 23 जणींना हा आजार निघाला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याशी न पटणे आणि मुलगी होणे, यांनी तो वाढतो असे दिसले.

मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. मुलगा की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरते. आईचा त्यात काडीचा हात नाही. हे सांगितले की पुष्कळ बाप्ये खाली बघू लागतात.

मग करायचे काय? पहिले औषध झोप. रात्री पाजून झाले की मूल दुसऱ्या कोणी घ्यावे. बापाने घ्यावे. त्याला कोणी हसणार नाही, आणि हसले तर हसू द्या. दुसरे, तिच्याजवळ बसून विचारावे, "तुला कसं वाटतंय?" आणि मग आपण गप्प बसावे. गप्प बसणे फार अवघड. आम्हां मास्तरांना तर फारच! पण मध्येच उपदेश सुरू केला की ती बोलायची थांबते.

बाळंतपण झाल्यावर आशाताई घरी येतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी यायचे असते. त्या बाळाचे वजन करतात. त्यांना बाळंतिणीच्या मनाचेही सांगावे. आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. रक्त कमी असले किंवा गळ्यातली थायरॉइड गाठ नीट काम करीत नसली, तरी असाच थकवा येतो. काही जणींना बोलण्यानेच बरे वाटते, काहींना गोळ्या लागतात. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशा गोळ्या आहेत, पण डॉक्टरला विचारूनच घ्याव्यात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या टाकू नयेत, आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडूही नयेत. 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट फोन करता येतो. मराठीत बोलता येते.

"जीव नकोसा वाटतो का?" हे विचारायला लोक भितात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट सांगून तिला हलके वाटते. ती 'हो' म्हणाली तर तिला एकटी ठेवू नये. घरातले फवारणीचे औषध कुलपात ठेवावे. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हजारांत एक-दोन बाळंतिणींना याहून निराळा, मोठा आजार होतो. बहुधा पहिल्या पंधरवड्यातच. ती झोपतच नाही, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते, मुलाविषयी भलतेच काही म्हणते. अशा वेळी देवऋषी नको, बांधणे नको, मारणे तर नकोच. मूल दुसऱ्याच्या मांडीवर द्यावे, 108 ला फोन करून गाडी बोलवावी आणि मोठ्या दवाखान्यात न्यावे. तिच्याबरोबर तिचे ऐकणारे एक माणूस असावे. वेळेवर उपचार झाले तर ती बरी होते, आणि आपले मूल आपल्या हाताने वाढवते.