पितळ का तडकते?
काडतुसाच्या पुंगळीवरून धातुशास्त्राचा एक पाठ

पितळेची भांडी आपल्या घरांतून पिढ्यानुपिढ्या टिकतात. असे असता, ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील फौजेच्या दारूगोळ्याबाबत एक चमत्कारिक अनुभव वारंवार येत असे. पावसाळ्याच्या आरंभी सुस्थितीत ठेवलेली काडतुसे पावसाळा सरल्यावर बाहेर काढली, म्हणजे त्यांपैकी काहींच्या पितळी पुंगळ्या तडकलेल्या आढळत. त्यांवर कसलाही आघात झालेला नसे. विशिष्ट ऋतूत घडणाऱ्या या प्रकारास इंग्रजीत ‘सीझन क्रॅकिंग’, म्हणजे ऋतूमुळे तडकणे, असे नाव पडले. तडकलेली पुंगळी निरुपयोगी तर असतेच, परंतु ती झाडणाऱ्याच्या जिवासही धोका पोहोचवू शकते. म्हणून या कोड्याची उकल होणे अगत्याचे होते.

पुंगळीचे कार्य

बंदुकीच्या काडतुसात दारू, गोळी आणि पेटवणारा स्फोटक पदार्थ यांना एकत्र धरून ठेवणारे जे पितळी नळकांडे असते, तीच पुंगळी. दारू पेटताच निर्माण होणाऱ्या वायूंच्या दाबाने पुंगळीची मान फुगून बंदुकीच्या कोठीच्या भिंतीस घट्ट चिकटते. त्यामुळे वायूंना मागे येण्यास वाट राहत नाही. दाब ओसरताच पुंगळी किंचित आकसते व बाहेर काढता येते. यावरून दिसून येईल की, पुंगळीची मान मऊ असावी लागते, तर प्रचंड दाब सोसणारे तिचे बूड कठीण असावे लागते. एकाच वस्तूत हे दोन्ही गुण आणणे हे कारागिराचे खरे कौशल्य होय.

पितळ कठीण कसे होते?

पुंगळीसाठी वापरावयाच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. या प्रमाणात जस्ताचे अणू तांब्याच्या स्फटिकरचनेत सामावून जातात आणि धातू फार तन्य बनतो. त्याच्या जाड पत्र्याची चकती कापून प्रथम वाटी तयार करतात. मग ती साच्यांतून टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळकांडे बनवितात. परंतु थंड स्थितीत ओढलेले पितळ प्रत्येक टप्प्यास अधिक कठीण होत जाते. तांब्याची तार पुनःपुन्हा वाकविली असता ती ताठर होते, हा अनुभव कोणासही घेता येईल. तीच तार लाल होईतो तापवून निवू दिली की पुन्हा मऊ होते.

तापवून मऊ करण्याच्या या क्रियेस अनुशीतन म्हणतात. तापविल्याने धातूतील विकृत झालेले स्फटिक जाऊन त्यांच्या जागी नवे, ताणरहित स्फटिक तयार होतात. पितळेसाठी हे तापमान साधारणपणे ४५० ते ६५० अंश सेल्सियस असते. ठोकून कठीण झालेले भांडे आपला तांबट भट्टीत तापवून पुन्हा ठोकण्याजोगे करतो, त्यातही हेच तत्त्व आहे.

पुंगळी ओढून झाल्यावर तिची मान आवळून बारीक करतात. या क्रियेत धातूचा एक भाग दुसऱ्यास ताणून धरतो. पुंगळी बाहेरून शांत दिसते, परंतु तिच्या अंगात अवशिष्ट ताण दडलेला राहतो.

तबेल्यातील हवा

मुसळधार पावसाच्या दिवसांत फौजेच्या हालचाली मंदावत व काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात. घोड्यांच्या मूत्राचे विघटन होऊन अमोनिया वायू निर्माण होतो. १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या इंग्रज संशोधकांनी आपल्या निबंधात पितळ तडकण्याची मीमांसा केली आणि अमोनिया व अवशिष्ट ताण यांचा संबंध स्पष्ट झाला.

दमट हवेत पितळेच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो. त्यात अमोनिया विरघळतो आणि हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने तांब्याशी संयोग पावून विद्राव्य संयुग बनवितो. ही झीज स्फटिकांच्या सीमांवर विशेष होते. ताणामुळे तेथील सूक्ष्म भेग उघडी राहते, तिच्या टोकाशी ताजा धातू उघडा पडतो, त्यावर पुन्हा अमोनियाचा हल्ला होतो आणि भेग आत सरकत जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ताण आहे पण अमोनिया नाही, तर पुंगळी वर्षानुवर्षे टिकते. अमोनिया आहे पण ताण नाही, तर पृष्ठभाग काळवंडतो, क्वचित झिजतोही, परंतु तडा जात नाही. दोन्ही कारणे एकत्र आली म्हणजेच अनर्थ ओढवतो.

उपाय

कारण कळताच उपायही सुचले. काडतुसे अमोनियापासून दूर ठेवावी, हा पहिला. दुसरा अधिक मूलगामी आहे: घडण पुरी झाल्यावर पितळ सुमारे २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवावे. एवढ्या उष्णतेने धातूचा कठीणपणा फारसा कमी होत नाही, मात्र दडलेला ताण सैल पडतो. पुंगळीच्या मानेचे तर स्वतंत्र अनुशीतन करतात. त्या वेळी बुडास उष्णता पोहोचू न देणे अत्यावश्यक असते, कारण मऊ पडलेले बूड दाबाखाली फाटण्याचा संभव असतो.

मानेच्या अनुशीतनाचा संबंध नेमबाजीतील अचूकतेशीही आहे. माना कमीअधिक कठीण असतील तर त्या गोळ्यांना कमीअधिक घट्ट धरतात, आणि मग प्रत्येक गोळीचा वेग थोडा निराळा पडतो. सारख्या पुंगळ्यांवाचून सारखी नेमबाजी साधत नाही.

ताण आणि रासायनिक क्रिया यांच्या संयुक्त परिणामाने धातूस तडे जाण्याचा हा प्रकार पितळेपुरता मर्यादित नाही. अमेरिकेतील ओहायो नदीवरील ‘सिल्व्हर ब्रिज’ हा पूल १५ डिसेंबर १९६७ रोजी कोसळून ४६ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच्या एका पोलादी दुव्यातील बारीकशी भेग अशाच संयुक्त क्रियेने वाढत गेली होती, असे चौकशीअंती ठरले. भेग दुव्याच्या जोडाच्या आत असल्याने वरवरच्या तपासणीत दिसण्याजोगी नव्हती. म्हणून धातूची वस्तू घडविताना तिच्या मजबुतीइतकाच तिच्यातील ताणाचा, आणि ती ज्या हवेत नांदणार त्या हवेचाही, विचार अभियंत्यास करावा लागतो.