गजकर्ण: खाज थांबली म्हणजे रोग गेला असे नव्हे

गजकर्ण अथवा नायटा ठाऊक नाही असे घर आपल्या खेड्यांतून क्वचितच सापडेल. भाताच्या चिखलात दिवसभर उभे राहणाऱ्यास, घामाने भिजून ओझी वाहणाऱ्यास, एकाच अंथरुणावर निजणाऱ्या लेकरांस तो सहज जडतो. तो जीवघेणा नाही म्हणून लोक त्याजकडे दुर्लक्ष करितात. आणि जांघेत किंवा स्तनांखाली झाला असता लाजेने बोलत नाहीत. परंतु याहून मोठे संकट हे की, पुष्कळ लोक त्यावर जे औषध लावितात तेच रोगास पोसते. सबब हा पाठ लक्षपूर्वक वाचावा, व ज्यांस वाचता येत नाही त्यांस वाचून दाखवावा.

1. रोगाचे कारण. गजकर्ण रक्त बिघडल्याने होत नाही, करणीनेही होत नाही, आणि त्यात किडाही नसतो. ही एक अतिसूक्ष्म बुरशी होय. कातडीचा वरचा मृत थर, केस व नखे ही ज्या द्रव्याची बनलेली असतात त्यास केराटिन म्हणतात, व तेच ह्या बुरशीचे अन्न. ती मध्यापासून बाहेर पसरत जाते. म्हणून चट्ट्याची कड लाल, उंच व खवलेदार असते, आणि मधली कातडी बरी झाल्यासारखी दिसते. एकाच्या अंगास दुसऱ्याचे अंग लागल्याने, तसेच पंचा, लुगडे, चादर व कंगवा सामाईक वापरल्याने ती पसरते. मांजरे व वासरे यांपासूनही ती माणसांस लागते.

2. ओळख. प्रत्येक चट्टा गजकर्णाचा नसतो. गजकर्ण फार खाजते. जो चट्टा फिकट किंवा तांबूस आहे, खाजत नाही, आणि जेथे स्पर्श किंवा ऊन-थंड नीट कळत नाही, त्याविषयी कुष्ठरोगाची शंका घ्यावी व विलंब न लावता सरकारी दवाखान्यात दाखवावे. तेथे त्याचे औषध फुकट मिळते, आणि वेळेवर घेतले असता रोग बरा होतो.

3. योग्य औषध. लहानशा गजकर्णावर क्लोट्रिमॅझोल 1 टक्का हे साधे मलम चांगले. जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि दिवसातून दोन वेळ पातळसे मलम लावावे. ते केवळ चट्ट्यावर न लावता कडेच्या बाहेर सुमारे 2 सेंटिमीटरपर्यंत लावावे. कारण डोळ्यांस दिसणाऱ्या कडेपलीकडेही बुरशी पोहोचलेली असते. लावून झाल्यावर हात साबणाने धुवावे. डाग दिसेनासा झाला तरी आणखी दोन आठवडे मलम चालू ठेवावे. शेतातले तण वरवर कापले व मूळ राहिले तर काय होते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

बिब्बा, चुना, रॉकेल किंवा ठेचलेला लसूण चट्ट्यावर लावू नये. त्यांनी कातडी भाजते व फोड येतात, आणि त्या जखमेत पू होऊन नवे दुखणे उभे राहते.

4. घातक औषध. दुकानात मागितले असता पुष्कळदा असे मलम हाती पडते की ज्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड मिसळलेले असते. स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज व लाली जाते, आणि मनुष्यास वाटते की गुण आला. वास्तविक शरीर बुरशीशी जे युद्ध करीत होते तेच त्या औषधाने थांबविलेले असते. बुरशी निर्धास्त वाढते, आणि मलम बंद करताच पूर्वीपेक्षा मोठे गजकर्ण उठते. फार दिवस लावल्यास कातडी कागदासारखी पातळ होते, व जांघेत जे चिरांसारखे वळ पडतात ते पुन्हा जात नाहीत. अशी मलमे चिठ्ठीवाचून विकली जाऊ नयेत म्हणून भारत सरकारने 2018 साली नियम कडक केला; तथापि नळी घेताना आपणच सावध असावे. तिजवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी नाव असेल तर ती परत करावी. ही नावे बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांत असतात. गावच्या शिक्षकांनी व उपदेशकांनी ती शेजाऱ्यांस वाचून दाखवावी; ही लहान सेवा नव्हे. जो असे मलम पुष्कळ दिवस लावीत आला आहे त्याने डॉक्टरांस तसे स्पष्ट सांगावे.

अर्धवट उपचारांचे दुसरेही भय आहे. टर्बिनाफिन नामक प्रसिद्ध औषधास दाद न देणारी बुरशीची एक जात भारतात बरीच पसरली आहे. 2020 साली जपानातील संशोधकांनी तिला आपल्या देशाच्या नावावरून ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. म्हणून गोळ्याही आपल्या मनाने घेऊ नयेत.

5. घराची व्यवस्था. घरात ज्यांस ज्यांस गजकर्ण आहे त्या सर्वांनी एकाच वेळी उपाय करावा. नाहीतर एकाचा बरा झालेला रोग दुसऱ्याकडून परत येतो. प्रत्येकाचा पंचा निराळा असावा. आतले कपडे व चादरी ऊन पाण्यात धुऊन कडक उन्हात उलट्या करून वाळवाव्या. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी, परंतु ओलसर कपडा अंगात घालू नये. कपडे सैल व सुती असावे. कमरेचा करदोडा सदा ओला राहून बुरशीस आश्रय देतो, म्हणून बरे होईतो तो काढून ठेवावा. नखे कापावी.

6. दवाखान्यात केव्हा जावे. डोक्यात गजकर्ण होऊन केस गळत असतील, नखांस झाले असेल, अंगभर पसरले असेल, पू किंवा ताप आला असेल, रोगी तान्हे मूल, गरोदर स्त्री किंवा मधुमेही असेल, अथवा चार आठवड्यांत गुण आला नसेल, तर घरी थांबू नये. डोके व नखे यांस केवळ मलमाने बहुधा गुण येत नाही.

पाठावरील प्रश्न: गजकर्णाच्या मध्ये कातडी बरी का दिसते? मलम कडेच्या बाहेर का लावावे? खाज दोन दिवसांत थांबली असता रोग गेला असे का समजू नये? आपल्या घरी मलमाची जी नळी आहे तिजवर कोणती नावे आहेत? ह्या शेवटल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आज घरी जाऊन पाहावे.