लोखंडाला भोक पाडताना बिट कोणते घ्यावे?



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॉल्या आणि अवजारांची दुरुस्ती निघते. हल्ली बऱ्याच सभासदांकडे घरचे हँड ड्रिल आहे. मशीन चांगले बघून घेतात, पण त्यात घालायच्या बिटाकडे कोणी पाहत नाही. उसाच्या अधिकाऱ्याने लोखंडावर कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. पण ट्रॉलीच्या हुकाचे भोक पिनेपेक्षा मोठे झाले की पिन खेळते, झिजते, आणि उसाने भरलेली ट्रॉली चढावर सुटायची भीती राहते.

पहिले म्हणजे, भिंतीचे बिट लोखंडाला लावू नये. त्याच्या टोकावरचा रुंद तुकडा ठोक्याने वीट-दगड फोडण्यासाठी असतो. लोखंडाला हायस्पीड स्टीलचे, म्हणजे एचएसएसचे बिट घ्यावे. सोनेरी रंगाला भुलू नका. तो वरचा मुलामा. धार लावली की टोकावरून जातो.

आता टोक पाहा. साध्या बिटाचे टोक ११८ अंशांचे असते. अँगल, चॅनेल, पट्टी अशा मऊ लोखंडाला ते पुरते. दोन धारांच्या मधोमध जी आडवी रेघ दिसते ती कापत नाही, धातू नुसता रेटते. आपण मशीनवर छाती टेकून जोर लावतो, तो बराचसा तिथेच वाया जातो. म्हणून १२ मि.मी.चे भोक हवे असेल तर पंच मारून आधी ४ मि.मी.चे पाडून घ्यावे.

कठीण पोलादाला १३५ अंशांचे, चपट्या टोकाचे बिट मिळते. त्यातल्या 'स्प्लिट पॉइंट'मध्ये ती रेघ घासून अगदी लहान केलेली असते, त्यामुळे बिट जागेवरून सरकत नाही. कोबाल्टचे असेल तर उष्णताही जास्त सोसते. महाग पडते, रोजच्या पट्टीसाठी त्याची गरज नाही. कमानीच्या पाट्याला मात्र कोणत्याच बिटाने नवे भोक पाडू नका. पाटा तिथेच तुटतो.

धार नीट आहे का, हे बुरा सांगतो. मऊ लोखंडात दोन्ही बाजूंनी सारख्या गुंडाळ्या निघाल्या पाहिजेत. एकाच बाजूने निघाल्या तर एक धार लांब झाली आहे, आणि १२ चे बिट १२ पेक्षा मोठे भोक पाडणार. हुकाचे काम असेल तर आधी भंगार पट्टीवर भोक पाडून पिन घालून बघावी.

वेगाची घाई नको. मऊ लोखंडात १२ मि.मी.च्या एचएसएस बिटाला मिनिटाला ६०० ते ७०० फेरे पुष्कळ झाले, ६ मि.मी.ला त्याच्या दुप्पट. कठीण पोलादात निम्मे किंवा कमीच. मऊ लोखंडात थेंब थेंब तेल सोडावे. बिडाला कोरडेच चालते. टोक निळे पडले की समजावे, बिट फार तापले.

भोक आरपार होताना बिट अडकते आणि पट्टी गरकन फिरते. ती व्हाइसमध्ये आवळा, हाताने धरू नका. हातमोजे आणि खांद्यावरचा टॉवेल आधी काढून ठेवा.