गांवची पत आणि शेजाऱ्याचें ओझें

वाचन : नहेम्या 5:1-13, गलतीकरांस पत्र 6:1-5.

नहेम्याच्या काळीं लोकांनीं शेतें, द्राक्षमळे व घरें गहाण टाकून दुष्काळांत धान्य घेतलें. त्यांस नाडणारे परके नव्हते, भाऊबंदच होते. आमच्या दख्खनेंतही 1875 सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध उठून कर्जरोखे जाळिले. परंतु रोखा जळाला म्हणून गरज जळत नाहीं. पुढच्या पेरणीस बियाणें लागतेंच.

ह्या संकटावर जर्मनींतील एका प्रॉटेस्टंट गृहस्थानें उपाय काढिला. फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायजन (1818-1888) हे वायरबुश येथें गांवप्रमुख असतां 1846-47 च्या हिवाळ्यांत उपासमार झाली. त्यांनीं सधन लोकांकडून पैसा मिळवून गरिबांस भाकरी पुरविली. पुढें शेतकऱ्यांस गुरें मिळावीं म्हणून साह्यकारी मंडळही काढिलें. परंतु अनुभव असा आला कीं, श्रीमंतांची कळकळ फार दिवस टिकत नाहीं, आणि केवळ दानानें गरीब आपल्या पायांवर उभा राहत नाहीं. म्हणून 1864 सालीं हेडेसडॉर्फ येथें त्यांनीं पतसंस्था स्थापिली. तींत कर्ज घेणारा स्वतः सभासद असे.

तिचे नियम साधे होते. क्षेत्र लहान, म्हणजे सर्व एकमेकांस ओळखीत. एकाच्या कर्जास सर्व जामीन. कर्ज उपयुक्त कामासाठींच. नफा वांटून न घेतां राखून ठेवावयाचा. एकट्या गरिबाच्या शब्दास बाजारांत किंमत नसते. पण सारा गांव त्याच्या पाठीशीं उभा राहिला म्हणजे तोच शब्द तारण होतो. फ्रेडरिक निकल्सन ह्यांनीं मद्रास सरकारास दिलेल्या अहवालांत हीच पद्धति पुढें मांडिली, आणि 1904 सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला.

आतां पौलाचे शब्द पाहा. परस्परांचीं ओझीं वाहा असें तो सांगतो, आणि थोड्याच ओळींनंतर प्रत्येकानें आपला भार आपणच वाहावा असेंही म्हणतो. हा विरोध नव्हे. सोसायटीचें कर्ज मुदतींत फेडणें हा माझा भार. शेजाऱ्याचें पीक बुडालें असतां त्यास मुदत मिळवून देणें हें त्याचें ओझें. बियाण्यांच्या नांवानें पैसा काढून तो लग्नांत उडविणारा सावकारास नव्हे, तर आपल्याच शेजाऱ्यास फसवितो. आमच्या मंडळींतील मनुष्य असें करील, तर त्याच्यावर पांघरूण घालणें ही प्रीति नव्हे.

उपदेशकांस आमची विनंति : ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस हिशेब मोठ्यानें वाचून दाखवा. पैशाची पेटी व वही एकाच हातीं राहूं देऊं नका. सभेंत गरिबांतल्या गरिबासही प्रश्न विचारूं द्या.

विचारासाठीं प्रश्न :
1. नहेम्यानें धनकोंस काय परत करावयास लाविलें?
2. दान व परस्पर साह्य ह्यांत भेद कोणता?
3. आपल्या गांवीं कोणाचा शब्द आज एकटा पडला आहे?